पायी शेगाव: मोबाईलच्या नकाशावर किती विसंबायचं?

काळीमाती

शेगावला पायी जाणाऱ्या लहान दिंड्यांसाठी हा धागा काढतोय. संस्थानच्या पालखीसोबत पंढरपूरला जाणाऱ्यांना याची गरज नाही. तिचे मुक्काम आधीच जाहीर होतात आणि वाट ठरलेली असते. प्रश्न आपल्यासारख्यांचा आहे. वीस-पंचवीस माणसं, त्यात निम्म्या बाया, सामानाला एक छोटा हत्ती टेम्पो, आणि वाट माहीत असलेले म्हातारे आता गुडघेदुखीनं घरी बसलेले. आमची दिंडी अंजनगाव सुर्जीहून निघते, अकोटवरून लोहाऱ्याला आणि तिथून शेगावला. पुढे चालणाऱ्यांच्या डोक्यात होती ती वाट आता पोरांच्या मोबाईलवर आली आहे.

माझं म्हणणं एवढंच की नकाशा जरूर वापरा, पण त्याला रस्ता विचारण्याआधी महिना कोणता चालू आहे ते आपण बघा.

गजानन महाराजांचा प्रकटदिन माघ वद्य सप्तमीचा आणि समाधिदिन ऋषिपंचमीचा. पायी जाणाऱ्यांचे हे दोन मोठे हंगाम, एक कोरड्या जमिनीचा आणि एक ओल्या. माघात आपली काळी जमीन वाळून कडक झालेली असते, पांदणीतून, म्हणजे शेतांमधल्या गाडवाटेतून, बैलगाडीच काय, स्कुटीसुद्धा जाते. भाद्रपदात त्याच पांदणीत ट्रॅक्टर रुतून बसतो. ॲपला दोन्ही सारखंच. 'पायी' निवडलं की ते कमी अंतर शोधतं, आणि आपल्याकडे कमी अंतर म्हणजे बहुतेक वेळा पांदणच.

पांदणीची सुरुवात फसवी असते. गावालगत थोडा मुरूम टाकलेला असतो, म्हणून माणूस बिनधास्त आत शिरतो. मग दोन्हीकडून बाभळी आत वाकलेल्या, मधल्या चाकोऱ्यांत पाणी साचलेलं, आणि बाजूच्या वावरात कपाशी इतकी दाट की धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जायलाही जागा नाही. चिखल आधी चपलेच्या कडेला लागतो, मग तळाला थर चढत जातो आणि पाय उचलवेनासा होतो. एखाद्या म्हातारीची चप्पल रुतली आणि ओढताना अंगठा तुटला, की पुढची सगळी वाट तिला अनवाणी. स्क्रीनवर निळे ठिपके मात्र सरळ पुढे जातच असतात. पावसाळ्यात कोणत्या ना कोणत्या दिंडीवर ही वेळ येतेच.

म्हणून आम्ही नकाशात 'शेगाव' टाकतच नाही. डांबरी रस्त्यावरचं पुढचं गाव टाकतो, तिथे पोचलो की त्याच्या पुढचं. टप्पे जवळजवळ ठेवले की आडवाटेनं नेण्यासारखं अंतरच उरत नाही. दुसरं म्हणजे ऋषिपंचमीला 'पायी' सोडून कारचा रस्ता बघतो. चालणं वाढतं, पण पायाखाली डांबर राहतं. माघात उलट करतो. तेव्हा पायीचा रस्ता उघडून बघतो आणि गावात विचारून पांदण धरतो, कारण दिवसभर डांबरावर चालून तळपाय सोलून निघतात आणि मागून येणाऱ्या ट्रकचा धाक वेगळाच.

तुमच्याकडच्या वाटांचं काय? पाणी, मुक्काम, बॅटरी, सगळंच लिहा.

नकाशावेडा

चांगला विषय. तांत्रिक बाजू मी लिहितो, कारण त्यात बऱ्याच जणांचा गोंधळ असतो.

जीपीएसला रेंज लागत नाही. आपण कुठे आहोत ते फोन थेट उपग्रहांवरून काढतो. रेंज लागते ती नकाशाचं चित्र उतरवायला आणि रस्ता शोधायला. म्हणून निघायच्या आधी घरीच वायफायवर आपल्या पट्ट्याचा नकाशा डाऊनलोड करून ठेवा. गूगल मॅप्समध्ये एक मोठी मेख आहे. डाऊनलोड केलेल्या नकाशावर रेंज नसताना ते फक्त गाडीचा रस्ता दाखवतं, पायीचा नाही. काळीमाती यांची पावसाळ्यातली पद्धत त्यामुळे आपसूक जुळते. रेंज नसतानाही पायीचा रस्ता हवा असेल तर ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड घ्या. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात. तो नकाशा २००४ पासून जगभरचे स्वयंसेवक बनवत आले आहेत. मोठ्या शहरांत तो भरगच्च असतो. आपल्याकडे काही गावांत गल्लीबोळ आहेत, तर काही ठिकाणी गावाच्या नावापलीकडे काही नाही. म्हणून एकावरच राहू नका, दोन्ही फोनमध्ये असू द्या.

बॅटरी नकाशापेक्षा जास्त खाते ती रेंजची शोधाशोध. दोन टॉवरच्या मधल्या पट्ट्यात फोन सतत सिग्नल धुंडाळत असतो. तिथे एअरप्लेन मोड टाका, जीपीएस तरीही चालतं. मात्र फोन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलात आणि रेंज नसेल, तर पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो. उघड्यावर, झाडाखालून बाहेर येऊन दोन मिनिटं स्वस्थ उभं राहायचं. घाईत लोक तेवढ्यात 'जीपीएस बिघडलं' म्हणून मोकळे होतात.

मोर्णाकाठ

भाऊ, पान्याचं बी लिवा ना. रस्ता चुकला तं मानूस फिरून येते, पानी चुकलं तं काय करसान?

पूर्णेच्या दोन्ही अंगची पट्टी खारपानाची हाये. अमरावती, अकोला, बुलडाणा, तिन्ही जिल्ह्यांत. बाहेरगावचे लोक हातपंप दिसला की धावत जातात, हापसून तोंडाला लावतात अन् थुकून देतात. ते पानी पेलं तं तहान काही जात नाही, पोट बिघडते ते येगळंच. नकाशावर इहीर दिसो का पंप दिसो, गोडं का खारं हे त्याच्यात कुठीच लिवलेलं नसते.

आमी अकोल्याहून जातो तं गावात शिरल्याबरोबर पयले एकच इचारतो, "नळाचं हाये का बोअरचं?" नळाचं असन तं भरून घेतो. अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरनाचं ८४ खेड्याच्या योजनेचं पानी येते, ते गोडं. पन ते रोज येते असं नाही. मनून ज्याच्या घरी साठवलेलं हाये त्याच्या दारात उभं राहावं लागते. नाही कोनीच मनत नाही. वारकऱ्याले पानी नाही मनारं घर मी तं पाह्यलं नाही.

पोट्ट्याहीले सांगून ठेवा, जिथं गोडं पानी भेटलं तिथं मोबाईलात खूण करून ठेवाजा. पुढच्या वर्सी कामी येते.

काळीमाती

मोर्णाकाठ भाऊ, खूण करायची सांगितलीत हे फार मोलाचं. गूगलमध्ये नकाशावर बोट दाबून धरलं की पिन पडते, ती आपल्या नावाच्या यादीत ठेवता येते आणि यादी दिंडीतल्या सगळ्यांना पाठवता येते. आमच्या यादीत आता पाणी, चहा, सावली आणि मुक्काम असे चार प्रकार आहेत. नावात महिनाही लिहितो, 'गोडं पाणी, भाद्रपद' असा. माघात त्याच नळाला पाणी असेलच असं नाही.

सईची आई

काळीमाती दादा, तुमच्या यादीत एक प्रकार राहिला. बायकांची सोय.

मी परतवाड्याच्या दिंडीत जाते. पुरुषांना रस्त्याकडेला कुठेही थांबता येतं. आम्ही अंधार पडायची वाट बघतो, म्हणून दिवसा पाणी कमी पितो, आणि मग दुपारच्या उन्हात कुणी ना कुणी चक्कर येऊन बसतं. दरवेळी हेच. कोणतंही ॲप उघडा, पेट्रोल पंप दिसेल, एटीएम दिसेल, धाबा दिसेल. पंपावर संडास असला तरी त्याला कुलूप आहे का, आत पाणी आहे का, आतून कडी लागते का, हे कळायला तिथे गेलेल्या बाईलाच विचारावं लागतं.

आम्ही बायकांनीच मग आमचा वेगळा नकाशा केला. कोणत्या पंपावरची किल्ली मागितली की मिळते, कोणत्या गावच्या शाळेत मुक्कामाला परवानगी मिळते आणि तिथलं मुलींचं स्वच्छतागृह उघडतात का, कोणत्या मंदिराच्या मागे आडोसा आहे, हे सगळं त्यात आहे. शाळेसाठी आधी सरपंच किंवा मुख्याध्यापकांना फोन करावा लागतो, कारण संध्याकाळी कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्याकडे तो शेतात. हा नकाशा आम्ही फक्त बायकांच्या ग्रुपवर ठेवतो, सगळीकडे फिरवत नाही. त्याचं कारण सांगायला नको.

तुमच्या दिंडीत निम्म्या बाया आहेत म्हणता, तर मोबाईल धरणाऱ्यांत एक तरी बाई ठेवा. कुठे थांबायचं ते ती ठरवील.

काळीमाती

ताई, पटलं. या वेळी वाट धरणाऱ्या दोघांत एक बाई असेल. आमच्याकडच्या बायकांनी तुमच्या ग्रुपवर यायचं म्हटलं तर चालेल का?

सईची आई

या की. निरोप पाठवते.

टाळकरी

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये.

लहानपणापासून पायी जातो. चालताना नाम असावं, आजूबाजूच्या माणसाशी बोलणं असावं, शिवारात काय पेरलं ते बघावं. आता पोरं मान खाली घालून चालतात. अभंग सुरू असताना मधेच मोबाईलमधली बाई मोठ्यानं 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा' म्हणते, आणि ज्याच्या तोंडी चाल आहे त्याची लय मोडते. आणखी एक, पूर्वी वाट विचारायच्या निमित्तानं गावात शिरणं व्हायचं. पारावर बसलेले लोक विचारायचे, कुठले तुम्ही, दिंडी कुणाची, बसा, चहा घ्या. त्यातून मुक्काम ठरायचे, पुढे सोयरिकीही जुळलेल्या मी पाहिल्या आहेत. आता गावाच्या बाहेरूनच बायपासनं निघून जातो आपण. वाट बरोबर सापडते आणि गाव हुकतं.

नकाशावेडा

टाळकरी काका, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे, आणि आवाजाचा उपाय सोपा आहे. आवाज बंद करा. रस्त्यानं चालताना कान ट्रकसाठीही मोकळे हवेत, इअरफोन तर नकोच. आमच्याकडे फोन दोघांकडेच असतो, एक सगळ्यात पुढे आणि एक सगळ्यात मागे. मधल्यांचे पिशवीत. पुढचा फाट्यावर थांबून बघतो, मागचा कुणी सुटलं नाही ना ते बघतो. चालता चालता स्क्रीन बघायचीच नाही, फक्त फाट्यावर.

काळीमाती

काका, राग कसला. गावात शिरायचं तुम्ही म्हणता ते आम्ही नियम म्हणूनच धरू. नकाशा काहीही म्हणो, बायपासला दिंडी गावातूनच जाईल आणि पुढची वाट पारावर विचारून मगच निघेल. तसंही 'पांदण पार होते का' या प्रश्नाचं उत्तर पारावरच मिळतं, आणि तेही आजचं ताजं.

जनुना

खामगावकडून दोन-तीन गोष्टी.

नावांची काळजी घ्या. 'मालेगाव' टाकलं तर आपलं वाशीम जिल्ह्यातलं येईल की नाशिककडचं, भरवसा नाही. कारंजा लाड वाशीममध्ये आणि कारंजा घाडगे वर्ध्यात. चांदूर रेल्वे वेगळं, चांदूर बाजार वेगळं. अंजनगावही दोन, सुर्जी आणि बारी. खुर्द आणि बुद्रुक तर पायलीला पन्नास. मुक्कामाच्या घराचा पत्ता नावानं मागू नका, तिथल्या माणसाकडून व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवून घ्या आणि तालुका ताडून पाहा.

दुसरं, समृद्धी महामार्ग. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला. त्यावर पायी चालायला बंदी आहे आणि दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. वाशीम-बुलडाण्याच्या पट्ट्यात ज्या जुन्या गाडवाटा त्याला आडव्या येत होत्या, त्यांना आता जवळच्या बोगद्याकडे वळसा घालून जावं लागतं. नकाशात जुनी वाट सरळ पलीकडे गेलेली दिसली तरी कुंपणापाशी जाऊन अडकाल. बोगदा कुठे ते आधी उपग्रहाच्या चित्रात शोधून पिन करून ठेवा.

तिसरं, पूल. अकोला-अकोट रस्त्यावरचा गांधीग्रामचा पूर्णेवरचा जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक म्हणून बंद करावा लागला होता. श्रावणात राजराजेश्वराच्या कावडीचं पाणी तिथूनच अकोल्याला जातं, म्हणजे पायी माणसांचा केवढा राबता आहे बघा. असा पूल रातोरात बंद होतो, ॲपला ते कधी कळेल सांगता येत नाही. नदी ओलांडायची असेल तर आदल्या दिवशी पलीकडच्या गावात फोन करायचा. आणि रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर घोटाभर दिसलं तरी थांबायचं, यात तडजोड नको.

पुण्यातली वऱ्हाडीण

एक विचारू का? आई-बाबा या वर्षी मेहकरहून दिंडीसोबत शेगावला पायी निघतायत. दोघांचीही साठी उलटली आहे. मला इथून ते कुठे आहेत ते दिसत राहील असं काही करता येईल का? त्यांना फोनमधलं फारसं जमत नाही.

नकाशावेडा

व्हॉट्सॲपचं लाईव्ह लोकेशन त्यांना जमेल. त्यात पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीनच पर्याय आहेत. सकाळी निघताना आठ तास टाकायचे, दुपारच्या मुक्कामी पुन्हा. त्याला इंटरनेट लागतं, त्यामुळे रेंज गेली की तुम्हाला जुनीच जागा दिसत राहील. ठिपका तासभर हलला नाही म्हणून घाबरून जाऊ नका, शेवटचं कधी अपडेट झालं तेही तिथेच लिहिलेलं असतं.

हे त्यांच्या फोनवर नको, दिंडीतल्या एखाद्या तरुणाच्या फोनवर करा. त्यांचा फोन बोलण्यासाठी चार्ज राहिला पाहिजे. एका कागदावर तुमचा नंबर, दिंडीप्रमुखांचा नंबर, रक्तगट आणि रोजच्या गोळ्या लिहून ती चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोघांच्या खिशात द्या. १०८ रुग्णवाहिकेला आणि ११२ पोलिसांना, हे दोन्ही त्यांना तोंडपाठ असू द्या. फोन केल्यावर 'कुठे आहात' विचारतात. तेव्हा गावाचं नाव, कोणत्या रस्त्यावर आणि जवळचा किलोमीटरचा दगड एवढं सांगितलं की गाडी येते.

पुण्यातली वऱ्हाडीण

खूप आभार. चिठ्ठीचं आजच करते.

जनुना

मेहकरच्या ताईंना सांगायचं राहिलं. ॲप वेळ दाखवतं ती एका धडधाकट माणसाची, ताशी पाचेक किलोमीटरची, कुठेही न थांबता. दिंडी त्या वेळेत पोचत नाही. भजन, चहा, पायातला काटा, मागे राहिलेल्यांची वाट बघणं, सगळं धरून आम्ही ॲपच्या वेळेची दीडपट तरी धरतो. घरच्यांनी त्या हिशेबानंच वाट बघावी.

आणि बुलडाणा-चिखलीकडून बोथ्याच्या जंगलातून येणाऱ्यांसाठी: ज्ञानगंगा अभयारण्य आहे ते. २०१९ मध्ये टिपेश्वरचा कॉलर लावलेला वाघ हजारावर किलोमीटर फिरून तिथे आला होता, पण खरी भीती अस्वलाची. जंगलाचा टप्पा उजेडातच संपवायचा, जवळची वाट म्हणून आत शिरायचं नाही, आणि एकट्यानं मागे राहायचं नाही.

धुरा

तलाठ्याकडे चकरा मारून वाटांची थोडी माहिती झाली आहे, म्हणून लिहितो. पांदण खरी की खोटी ते ओळखायला गावनकाशा बघा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून गटांचा नकाशा दिसतो. मूळ गावनकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं. दुहेरी तुटक असेल तर ती कागदावर तरी सगळ्यांची वाट आहे. पण जागेवर ती कुणी नांगरून वावरात घेतली असेल तर दिंडीनं तिथे हुज्जत घालू नये. भाद्रपदात उभ्या पिकातून पंचवीस माणसं गेली तर त्या शेतकऱ्याचं नुकसान होतं आणि पुढच्या दिंडीला त्या गावात पाणी मिळत नाही. धुऱ्यावरून जायचं असेल तर मालकाला विचारून, एकामागे एक.

उपग्रहाच्या चित्राबद्दल एक. ती चित्रं बहुधा कोरड्या दिवसांतली असतात, ढग नसताना काढलेली. त्यामुळे नाला नुसता तपकिरी पट्टा दिसतो. त्या पट्ट्याच्या दोन्ही काठांना हिरवी झाडं ओळीनं दिसली तर समजा, पावसाळ्यात तिथे पाणी आहे.

नकाशावेडा

धुरा यांची माहिती ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरता येईल. तिथे प्रत्येक वाटेला माती, मुरूम की डांबर ते नोंदवता येतं, पिण्याच्या पाण्याची जागा टाकता येते, संडास टाकता येतो. खातं उघडलं की कुणालाही. सरकारी नकाशा बघून उतरवू नका, स्वतः चाललात तेच भरा. चालताना ऑस्मअँडमध्ये रेकॉर्डिंग सुरू ठेवलं की वाटेची जीपीएक्स फाईल तयार होते. पुढच्या वर्षी कुणीही ती फाईल उघडून त्याच वाटेनं जाऊ शकतो, रेंज असो-नसो. फाईलच्या नावात महिना टाका, काळीमातींनी पाण्याचं केलं तसं.

टाळकरी

हे मला आवडलं. आमच्यातले दोघे-तिघे अजून चालते आहेत, त्यांना जुन्या वाटा ठाऊक आहेत. कुठल्या गावात कुणाकडे मुक्काम व्हायचा, कुठल्या विहिरीचं पाणी गोडं होतं, सगळं सांगतील. पोरांनी त्यांच्यासोबत एकदा माघात चालावं आणि ते रेकॉर्ड का काय ते करून घ्यावं. मी त्यांना तयार करतो.

काळीमाती

काका, प्रकटदिनाच्या आधी एक रविवार काढूया. अकोटच्या पुढे लोहाऱ्यापर्यंत. गाडी मागे राहील, दमले की बसतील त्यात.

तोवर ऋषिपंचमीसाठी पाण्याची यादी पुरी करायची आहे. अंजनगाव ते अकोट आमच्याकडे. अकोट ते लोहारा मोर्णाकाठ भाऊंनी बघावं, त्यांना गोड्या पाण्याची पारख आहे. लोहारा ते शेगाव कोण घेतं?

मोर्णाकाठ

घेतो. दोन-तीन गावं ठावूक नाहीत, ते इचारून सांगतो.

धुरा

लोहारा ते शेगाव मी घेतो. मन नदीच्या पुलाची दोन्ही टोकं आणि अलीकडच्या गावातले नळ आधी टाकतो, बाकी पोळ्यापर्यंत.